सुजनी : टाक्यांतील कुटुंबकथा आणि मोबदल्याचा प्रश्न

जुन्या साड्या व धोतरे एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवलेले मऊ पांघरूण म्हणजे बिहारची सुजनी. महाराष्ट्रातील गोधडीशी तिचे नाते उघड आहे. ती प्रामुख्याने नवजात बालकासाठी केली जात असे. आजीचे लुगडे, आईची साडी, वडिलांचे धोतर असे घरातील अनेकांचे कापड तीत एकत्र येई. त्यामुळे चित्र काढण्यापूर्वीच त्या वस्त्रात कुटुंबाचा काही इतिहास असे. अर्थात, त्या कापडाची वा श्रमाची किंमत कोणी मांडत नसे.

मुझफ्फरपूर जिल्ह्यातील भुसुरा परिसरात १९८८ च्या सुमारास विजी श्रीनिवासन यांच्या 'अदिति' या स्वयंसेवी संस्थेच्या पुढाकाराने या घरगुती कलेला उपजीविकेचे साधन म्हणून नवे रूप मिळाले. आकृतीची बाह्यरेषा गडद धाग्याच्या साखळी टाक्याने काढावयाची व आतील भाग रंगीत धावदोऱ्याने भरावयाचा, ही तिची रीत. विषय मात्र बदलले. एका भागात मद्यपी नवरा आणि हुंड्याची देवघेव, तर दुसऱ्या भागात सभेत बोलणारी व बाजारात माल विकणारी स्त्री, अशी मांडणी होऊ लागली. जे घरात उघडपणे बोलता येत नव्हते, ते कापडावर आले. लिहिता न येणाऱ्या स्त्रीलाही आपली कैफियत मांडण्याचे साधन मिळाले, हे या प्रयोगाचे खरे यश मानावे लागेल.

अडचण पुढे येते ती बाजारात. गोधडीपेक्षा उशीचे अभ्रे आणि दुपट्टे लवकर खपतात. त्यांवर फुलापानांची नक्षी पुरते. शिवाय मजुरी नगावर वा भरलेल्या क्षेत्रफळावर ठरली, तर स्वतःची गोष्ट योजून रेखाटण्यात गेलेला वेळ हिशेबात येतच नाही. मग दुसऱ्याने आखून दिलेला नमुना भरणे हेच कारागीर स्त्रीला अधिक परवडते.

सुजनीला २००६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्याने प्रदेशाशी जोडलेल्या नावाला संरक्षण लाभते. परंतु अमुक स्त्रीने सांगितलेल्या अमुक कथेवरील तिचा हक्क त्याने सिद्ध होत नाही. यासाठी रेखाटनाचा मोबदला शिवणकामापासून वेगळा धरावयास हवा. वस्तूसोबत, कारागिरेची संमती असल्यास, तिचे नाव व कथेचा चार ओळींचा मजकूर देणे फारसे खर्चिक नाही.