खीळ, धाव आणि स्पेसर

दशरथाच्या रथाची खीळ निसटली तेव्हा कैकेयीने तिथे आपले बोट घातले, ही कथा आपल्याकडे कीर्तनांतून घरोघर पोचली. या खिळीला ऋग्वेदात 'आणि' असा शब्द आहे. बैलगाडीच्या आखाच्या टोकाला बसते ती हीच. ती चाकाला दाबून धरत नाही. मोकळे फिरणारे चाक बाहेर पडू देत नाही, एवढेच तिचे काम. मोटारीच्या चाकाचे नटही आपण खिळीच्याच जातीचे समजतो, आणि माझ्या मते घोटाळ्याचे मूळ या समजुतीत आहे.

पुणे-सोलापूर महामार्ग आणि दौंड-बारामती रस्ता कुरकुंभला एकमेकांना छेदतात. औद्योगिक वसाहतीचे टँकर, हंगामात उसाच्या ट्रॉल्या, आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या मोटारी. त्यांतल्या काहींची चाके मडगार्डच्या बाहेर आलेली दिसतात. हब आणि रिम यांच्यामध्ये घातलेल्या धातूच्या चकतीची, म्हणजे स्पेसरची, ही करामत. गाडीला रुबाब येतो, हे खरे.

आता नटाचे काम पाहू. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि रबरासारखा मागे ओढू लागतो. त्या ओढीने रिम हबवर दाबली जाते, आणि दाबलेल्या दोन पृष्ठभागांतले घर्षण गाडीचा भार पेलते. 12 मिलिमीटरचा स्टड 100 न्यूटन-मीटरने आवळला तर ढोबळ हिशेबाने एकेक नट सुमारे चार टनांचा दाब देतो. म्हणजे हे नाते खिळीशी नसून धावेशी आहे. लोहार धाव लाल तापवून चाकावर चढवतो, ती थंड होताना आकसते आणि पाट्यांना आवळून धरते. दाब कमी झाला की रिम सूक्ष्म सरकू लागते, स्टड प्रत्येक फेरीला थोडा वाकतो आणि शेवटी थकून तुटतो. कुरकुंभहून पुण्याला जाईपर्यंत चाकाच्या पस्तीस-चाळीस हजार फेऱ्या होतात.

पातळ स्पेसर मूळ स्टडवरच बसतो. तो 5 मिलिमीटर जाडीचा असला तर नटाला पकडायला तेवढेच आटे कमी उरतात. निदान स्टडच्या व्यासाइतकी पकड हवी: 12 मिलिमीटरचा स्टड आणि दीड मिलिमीटरचे आटे असतील तर नटाचे पूर्ण आठ वेढे. हाताने फिरवत मोजावेत. कमी भरले तर स्पेसर काढावा, किंवा लांब स्टड घालावेत. जाड स्पेसर हबला स्वतंत्र नटांनी आवळतात आणि चाक त्याच्या स्वतःच्या स्टडवर चढते. त्यात मूळ स्टडची टोके स्पेसरबाहेर डोकावता कामा नयेत. नाहीतर रिम त्या टोकांवर टेकते आणि नट घट्ट लागूनही दाब मिळत नाही. स्पेसरचे मधले भोक हबच्या उंचवट्यावर नेमके बसायला हवे. शिवाय चाक बाहेर गेले की बेअरिंगवरचा ताण वाढतो. त्यावर आवळण्याचे कोणतेही कौशल्य उपाय नाही.

ट्रॅक्टरची गोष्ट निराळी. सरींच्या अंतराप्रमाणे मागची चाके रिम उलटी लावून आतबाहेर करता येतात, कारण तो बनवतानाच तशी सोय ठेवलेली असते. मोटारीला ती नसते. मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52 मूळ तपशिलांशी विसंगत बदल करू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावले. माझे मत विचाराल तर स्पेसर नकोच.

तरीही गाडीला असलाच, तर हब, स्पेसर आणि रिम यांचे पृष्ठभाग तारेच्या ब्रशने स्वच्छ करावेत. गंज, रंग, चिखल यांचा थर पुढे दबतो आणि ताण सैल पडतो. आट्यांना तेल लावू नये. तेलाने घर्षण घटते आणि त्याच आकड्याला स्टड जास्त ताणला जातो. रिमची बैठक निमुळती असेल तर नटही तसाच हवा. सगळे नट आधी हाताने लावावेत, मग समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. हवेच्या गनने नट झटक्यात बसतो, पण किती आवळला ते कळत नाही. शेवटची आवळणी, चाक जमिनीला टेकल्यावर, टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत करावी. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासावे. जाड स्पेसरचे आतले नट मात्र चाक उतरवल्याशिवाय हाताला लागत नाहीत; तेव्हा तपासणी म्हणजे चारही चाके काढणे आले.