कॅरिबूच्या मुळावर आलेली हिरवळ

कॅनडात राहणाऱ्या भाच्याने गेल्या दिवाळीत पंचवीस सेंटचे एक नाणे माझ्या हातावर ठेवले. त्यावर फांद्यांसारखी शिंगे असलेले एक मुंडके होते. मला ते सांबर वाटले. ‘सांबर नाही मामा, कॅरिबू,’ तो म्हणाला. १९३७ पासून हा प्राणी त्या नाण्यावर आहे. रानातून मात्र तो हटत चालला आहे. का, एवढाच प्रश्न घेऊन मी वर्षभर वाचत राहिलो. उत्तर मी धरून चाललो होतो त्याहून वेगळे निघाले.

कॅरिबू म्हणजे युरोपातला रेनडिअरच; जात एकच. उघड्या टुंड्रात त्याचे मोठमोठे कळप स्थलांतर करतात. मी लिहितो आहे ते मात्र सूचिपर्णी जंगलात विखरून राहणाऱ्या कॅरिबूविषयी. हिवाळ्यात तो मुख्यतः शैवाकावर जगतो. आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूल याच वर्गातले. शैवाक फार सावकाश वाढते, म्हणून कॅरिबूला जुने जंगल लागते. त्याच रानात मूस असतो, हरणांच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी. त्याला कोवळा पाला हवा. मुसाच्या मादीला जुळी होणे नवलाचे नाही. कॅरिबूला एका वेळी एकच पिल्लू. लांडगा दोघांनाही खातो. यावर कॅरिबूने शोधलेला उपाय म्हणजे मुसाला खायला काही नसेल अशा जुन्या स्प्रूसच्या रानात आणि दलदलीत जाऊन राहणे. जिथे मूस थोडे, तिथे लांडग्याची फेरीही क्वचित.

माझा समज साधा होता: झाडे तोडली, शैवाक गेले, कॅरिबू उपाशी मेले. त्यात तथ्य आहे, पण मुख्य गोष्ट ती नव्हे. झाडे तुटली की जमिनीवर ऊन पडते आणि वाळुंज, भूर्ज, अ‍ॅस्पेन यांचे धुमारे फुटतात. आपण पाहिले तर म्हणू, रान पुन्हा हिरवे झाले! त्या हिरवळीवर मूस वाढतात, दक्षिणेकडून पांढऱ्या शेपटीची हरणेही वर सरकतात, आणि त्यांच्यावर लांडगे पोसले जातात. कॅरिबू मग जाता जाता मारला जातो. एरवी भक्ष्य घटले की भक्षकही घटतो आणि उरलेल्यांना उसंत मिळते. इथे कॅरिबू संपत आला तरी लांडग्याचे काही अडत नाही, कारण त्याचे पोट मुसावर भरते. चाऱ्यासाठी कधीही न भांडणारे दोन प्राणी भक्षकामार्फत एकमेकांच्या मुळावर येतात, याचे गणित रॉबर्ट होल्ट यांनी १९७७ मध्ये मांडले.

अल्बर्टात याला आणखी एक जोड मिळाली. जमिनीखालचे तेल शोधताना स्फोट करून कंपने मोजतात, आणि त्यासाठी जंगलातून सरळ पट्टे कापतात. पट्टा जेमतेम काही मीटर रुंद; पण लांडग्याला तो आयता रस्ता. त्यावरून तो झपाझप जातो आणि पूर्वी आडबाजूला असलेल्या दलदलीत सहज पोहोचतो. ओल्या जमिनीवर हे पट्टे कित्येक दशके भरून येत नाहीत. म्हणूनच कॅनडाच्या केंद्र सरकारने २०१२ च्या आराखड्यात अशा प्रत्येक मानवी खुणेभोवतीचे ५०० मीटरही बिघडलेले धरले. एखाद्या कळपाच्या प्रदेशातला किमान ६५ टक्के भाग न बिघडलेला हवा, असे त्यात म्हटले आहे. तेवढा राखला तरी कळप स्वबळावर टिकण्याची शक्यता किती? ६० टक्के. हा आकडा मी दोनदा वाचला. साठ टक्के भरवशाच्या पुलावर आपण पाऊल तरी ठेवू का?

मुसाचेही सगळे भलेच होते असे नाही. पांढऱ्या शेपटीची हरणे काही भागांत मेंदूत जाणारा एक कृमी सोबत आणतात. हरणाला तो बाधत नाही, मुसाचा जीव घेतो.

उपाय म्हणून लांडगे मारले जातात. अल्बर्टातल्या लिटल स्मोकी भागात २००५ च्या हिवाळ्यापासून हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालून आणि विष ठेवून ते सुरू झाले. कळपाची घसरण थांबली, पण जंगल कापणे थांबले नव्हते. हे वाचताना मला संताप आला. कुऱ्हाडीचा गुन्हा लांडग्याच्या माथी मारलेला. पण दुसरी बाजू नाकारता येत नाही. आज तोड थांबवली तरी रान जुने व्हायला अनेक दशके लागतील, आणि तोवर कळप उरायला हवा. ब्रिटिश कोलंबियातल्या साउथ सेल्कर्क कळपाला तेवढी सवड मिळाली नाही. २०१८ मध्ये तिथे तीन माद्या उरल्या होत्या. २०१९ च्या सुरुवातीला शेवटचीला पकडून दुसरीकडे हलवले.

त्याच प्रांतातल्या क्लिन्से-झा कळपाचे वेगळे झाले. २०१३ मध्ये तिथे ३८ कॅरिबू होते. वेस्ट मोबर्ली आणि सोल्टो या आदिवासी समाजांनी तो कळप हाती घेतला. लांडगे तिथेही मारले गेले. त्याबरोबर हिवाळ्याच्या शेवटी गाभण माद्या डोंगरावरच्या कुंपणात आणायच्या, रात्रंदिवस राखण करायची आणि पिल्ले चांगली धावू लागली की सोडून द्यायचे, असे दरवर्षी चालले. २०२१ पर्यंत कळप शंभरावर गेला. २०२० मध्ये जमीन राखण्याचा करारही झाला. कुंपणातल्या माद्यांना बाहेरचा खुराक एकदम चालत नाही, म्हणून गावची माणसे रानात जाऊन हाताने शैवाक खुडतात आणि पिशव्या भरून वर नेतात.