दिव्याभोवतीचा हिरवा पाहुणा

लक्ष्मीपूजन आटोपून गावच्या घरी आपण फराळाला बसावे आणि वरून टपकन एक हिरवा किडा चिवड्याच्या ताटलीत पडावा! बोटाने उडवायला जावे, तर स्वारी खेकड्यासारखी तिरकी सरकते आणि टुणकन दिसेनाशी होते. आसपास भातखाचरे असली म्हणजे हा पाहुणा ठरलेलाच. याचे नाव तुडतुडा.

शेतकरी आणखी एका किड्यालाही तुडतुडाच म्हणतो. तो तपकिरी, आणि त्याचे कुळ वेगळे. खूण मागच्या तंगडीवर असते. हिरव्याच्या तंगडीवर करवतीसारखी काट्यांची रांग, तर तपकिरीच्या तंगडीला टोकाशी एक हलणारी आर.

हिरवा असतो जेमतेम चार-पाच मिलिमीटरचा. नराच्या पंखांची टोके काळी. शास्त्रज्ञ या गटाला 'नेफोटेटिक्स' म्हणतात. गट लहान, पण गोंधळ मोठा! आपल्या भातात मुख्यतः दोन जाती सापडतात. 'नायग्रोपिक्टस', म्हणजे काळ्याने रंगवलेला. याच्या डोक्यावर पुढच्या कडेलगत एक काळी पट्टी असते. दुसरा 'विरेसेन्स', त्याला ती पट्टी नसते. पंखांवरच्या ठिपक्यांवर मात्र फार विसंबू नये. ते लहानमोठे होतात आणि माद्यांना बहुधा नसतातच. म्हणून पंडित नराच्या पोटाचे टोक दाहक पोटॅशमध्ये मऊ करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली प्रजोत्पादनाच्या अवयवावरील काटे तपासतात.

एवढा खटाटोप कशासाठी? भाताला 'टुंग्रो' नावाचा रोग होतो. रोपे खुजी राहतात, पाने पिवळी-नारिंगी पडतात. हा रोग तुडतुडे पसरवतात, हे फिलिपाइन्समधल्या संशोधनातून १९६५ साली प्रसिद्ध झाले. रोगट रोपाचा रस प्यायलेला तुडतुडा काही दिवस विषाणू वाहतो. पिल्लाने कात टाकली की मात्र त्याची ती शक्ती जाते. या कामात विरेसेन्स सर्वांत पटाईत, आणि त्याचे मुख्य अन्न भातच. नायग्रोपिक्टसला बांधावरचे गवतही आवडते, आणि रोग पसरवण्यात तो पुष्कळच मागे. तेव्हा बांधावर हिरवे थवे दिसले की फवारणीला पैसे घालण्यापूर्वी डोकी पाहिलेली बरी!

आता नावांची गंमत ऐका. विरेसेन्सचे वर्णन डिस्टंटसाहेबांनी १९०८ सालीच करून ठेवले होते. तरी पुढे कित्येक निबंधांत तो 'बायपंक्टेटस' या परक्या नावाने वावरला. १९६४ साली जपानचे इशिहारा यांनी त्याला नवे नाव दिले 'इंपिक्टिसेप्स', म्हणजे न रंगवलेल्या डोक्याचा. नाव मोठे समर्पक. पण जुने नाव आधीचे, म्हणून नियमाप्रमाणे तेच टिकले. १९७१ साली घौरी यांनी साऱ्या गटाची फेरतपासणी केली. त्यापूर्वीचे निबंध वाचताना मात्र आजही प्रश्न पडतो, की लेखकाच्या डब्यात नक्की कोणता किडा होता?

यंदा ताटात पाहुणा पडलाच, तर काचेच्या पेल्याखाली झाका आणि मुलांच्या खेळण्यांतले भिंग मागून घ्या. पट्टी डोळ्यांच्या मधोमध, अगदी पुढच्या कडेपाशी शोधायची.