बिनडोक, पण दाढीवाला!

मंडळी, परवा आमच्या चिरंजीवांनी एका काल्पनिक समुद्रप्राण्याचं चित्र काढलं. डोकं नाही, दात नाहीत. बसल्या जागी पाणी आत ओढायचं, गाळायचं आणि उरेल ते खायचं. "असा प्राणी असेल का हो, बाबा?" असेल काय, आहे! सुपरमार्केटात पाण्याच्या फवाऱ्याखाली किलोने मिळतो.

इथला हिरव्या ओठांचा मसल म्हणजे आपल्या कोकणातल्या शिणाण्यांचा सख्खा चुलतभाऊ. कल्ल्यांवरच्या बारीक केसांनी तो पाणी ओढतो, त्यातलं सूक्ष्म शेवाळ चिकट स्रावात पकडून तोंडाकडे सरकवतो आणि नकोशा गाळाच्या गोळ्या करून बाहेर टाकतो. दाढी म्हणजे खडकाला धरून बसायचे प्रथिनांचे धागे.

टाकानिनीहून क्लीव्हडनमार्गे कावाकावा बेला गेलात, की त्यापुढे फर्थ ऑफ थेम्स लागतं. तिथे समुद्रतळावर मसलचे अफाट गालिचे होते. १९६० च्या दशकाअखेरपर्यंत माणसाने ते लोखंडी जाळ्यांनी खरवडून संपवले. खरवडणं थांबलं, पण गालिचे काही आपणहून परतले नाहीत. पिल्लांना चिकटायला टणक आधार लागतो, आणि तळाशी उरला चिखल. आता काही संस्था आणि स्थानिक माओरी मंडळी आखातात पुन्हा टनांनी मसल सोडत आहेत.

मात्र या गाळणीत विषही अडकतं. काही शेवाळं विष तयार करतात. मसल ते खाऊन स्वतः ठणठणीत राहतो. १९९३ च्या सुरुवातीला अशा विषामुळे न्यूझीलंडमध्ये सुमारे १८० जण आजारी पडले आणि देशभर शिंपले काढणं बंद करावं लागलं.

गेल्या उन्हाळ्यात आई इथे आली होती. किनाऱ्यावर मनाईची पाटी, आणि आईच्या हातात बादली. "चांगलं उकळलं की सगळं मरतं रे!" आमची डॉक्टरेट तिच्यापुढे काय चालणार? तरी सांगितलं: सॅक्सिटॉक्सिन हा जंतू नव्हे, रेणू आहे. जिवंतच नाही, तर मरणार कसा? उकळून, गोठवून, आमसूल घालूनही तो जात नाही. चव नाही, वास नाही. ओठांना मुंग्या आल्या, हातपाय बधिर झाले, श्वास जड झाला, तर लगेच १११ फिरवायचा. जाण्याआधी प्राथमिक उद्योग मंत्रालयाच्या सूचना पाहायच्या. माणशी किती काढता येतात, तेही तिथेच कळतं.

बादली रिकामीच परतली. संध्याकाळी विकतच्या, तपासून येणाऱ्या मसलचं सुकं झालं. आई म्हणाली, "शिणाण्यांची सर नाही, पण खोबरं बरं लागलंय."