आठ कोटी गुणिले आठ रुपये

देशभरातल्या अंगणवाड्यांतून आहार मिळणारी मुलं मोजायला बसायचं ठरवलं, सेकंदाला एक, दिवसरात्र, मध्ये न थांबता, तर किती वेळ लागेल? केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२५च्या अर्थसंकल्पी भाषणात ही मुलं आठ कोटींहून अधिक असल्याचं सांगितलं गेलं. आठ कोटी सेकंद म्हणजे ९२६ दिवस, अडीच वर्षांहून थोडं जास्तच.

माणसाच्या आयुष्यातले पहिले हजार दिवस सर्वांत मोलाचे, असं बालपोषणात काम करणारे सगळेच सांगतात. आईच्या पोटातले २७० आणि जन्मानंतरच्या दोन वर्षांचे ७३०. मेंदू सर्वांत वेगाने वाढतो तो याच काळात, आणि या काळात खुंटलेली वाढ नंतर भरून निघणं फार अवघड. मोजणीला बसलो त्या दिवशी एखाद्या बाईला दिवस गेले असतील, तर आपला शेवटचा आकडा उच्चारून होईपर्यंत तिच्या बाळाच्या हजारातले जेमतेम ७४ दिवस उरलेले असतील. गरिबीशी लढायला या मुलाकडे असलेला वेळ एवढाच.

अंगणवाड्यांची ही व्यवस्था उभी राहिली ती मात्र अगदी लहान आकड्यापासून. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात फक्त ३३ प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रातली सुरुवातीची ठिकाणं म्हणजे मुंबईतली धारावी आणि मेळघाटातली धारणी. त्याच्याही तीस वर्षं आधी, १९४५ मध्ये, बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या होत्या. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीनेच त्याच्या अंगणात जावं, हा विचार ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी तिथल्या पाड्यांवर प्रत्यक्षात आणला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये देशात १४ लाख अंगणवाड्या उभारण्याचा आदेश दिला. आज ही संख्या जवळपास तितकी झाली आहे. त्यांतल्या एक लाखाहून अधिक महाराष्ट्रात आहेत.

आता पैशांकडे येऊ. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ‘सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.०’ या योजनेला २१,९६० कोटी रुपये दिले गेले. ऐकताना छाती दडपते. हीच रक्कम १४ लाख अंगणवाड्यांत वाटली, तर एकीच्या वाट्याला वर्षाला सुमारे १ लाख ५७ हजार येतात, म्हणजे महिन्याला तेरा हजार. आहार, सेविका आणि मदतनीस यांच्या मानधनातला केंद्राचा वाटा, इमारत, वजनकाटा, मोबाइल, सगळं त्यातच. राज्य सरकारं आपला हिस्सा घालतात हे खरं. पण केंद्राच्या ५० लाख ६५ हजार कोटींच्या एकूण खर्चाशी ही रक्कम ताडून पाहिली, तर शंभर रुपयांतले ४३ पैसे भरतात.

आणखी खाली, एका ताटापर्यंत उतरू. सहा महिने ते सहा वर्षं वयाच्या मुलाच्या आहारासाठी २०१७ मध्ये दिवसाला आठ रुपये ठरले. अतितीव्र कुपोषित मुलासाठी बारा. निम्मे केंद्राचे, निम्मे राज्याचे. पुढची सात वर्षं डाळ, तेल, गॅस सगळं महागलं आणि दर आठच राहिला. २०२५च्या त्याच भाषणात तो वाढवण्याचं आश्वासन मिळालं. या आठ रुपयांत ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं द्यायची असा २०१७ मध्ये नियम होता. १२ ग्रॅम म्हणजे दोन अंडी, आणि आठ रुपयांत बाजारात दोन अंडी येत नाहीत. आठ कोटी मुलांचे १२-१२ ग्रॅम एकत्र केले, तर रोज ९६० टन प्रथिनं लागतात. एवढा डोंगर देश रोज उभा करू पाहतो, याचं मला मनापासून कौतुक आहे. पण मुलाच्या पोटात डोंगर जात नाही, त्याच्या वाटीत पडेल तेवढंच जातं.

आहार मिळतो तोही वर्षातले ३०० दिवस. नंदुरबार-पालघरमधली कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि ऊसतोडीला निघाली, की त्यांच्या पोरांचे हे तीनशे दिवसही तुटतात.

महाराष्ट्राने याआधी एकदा कुपोषण कमी करून दाखवलं होतं. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं, तेव्हा राज्यातल्या दोन वर्षांखालच्या मुलांत एक तृतीयांशाहून अधिक बुटकी होती. २०१२च्या पाहणीत हे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांवर आलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मात्र राज्यातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.२ टक्के बुटकी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने हडकुळी आढळली. दोन्ही पाहण्यांचे वयोगट वेगळे, त्यामुळे आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढता येत नाही. पण प्रत्येक चार मुलांमागे एक हडकुळं, ही स्थिती देशातल्या सर्वांत श्रीमंत राज्यांपैकी एकाची आहे, आणि ती मला सहन होत नाही.

समजा, आठ रुपयांचे सोळा केले. आठ कोटी मुलं, ३०० दिवस, दिवसाला आठ रुपये जास्त: १९,२०० कोटी. त्यातले निम्मे केंद्राचे, म्हणजे ९,६०० कोटी. शंभर रुपयांतले आणखी १९ पैसे. या वाढीव आठ रुपयांत प्रत्येक मुलाच्या वाटीत रोज एक अंडं पडू शकतं. ही तरतूद पुढच्याच अर्थसंकल्पात व्हायला हवी, कारण आज गर्भात असलेल्या बाळाचे हजार दिवस चालू झालेले आहेत.