दूरस्थ क्वेसार आणि विश्वाची बाल्यावस्था

ताऱ्यासारखा दिसणारा प्रकाशबिंदू खरोखर तारा आहे काय, हे केवळ छायाचित्रावरून ठरत नाही. त्यासाठी वर्णपट पाहावा लागतो. १९६३ साली मार्टेन श्मिट यांनी पालोमार येथील २०० इंची दुर्बिणीच्या साहाय्याने ‘३सी २७३’ या रेडिओ स्रोताचा वर्णपट अभ्यासला, तेव्हा त्यातील अनाकलनीय रेषा हायड्रोजनच्याच असून तांबड्या बाजूस सुमारे १६ टक्क्यांनी सरकल्या आहेत, हे त्यांच्या ध्यानी आले. ही ताम्रसृती सर्वस्वी विश्वप्रसरणामुळेच उद्भवते काय, याविषयी हॉईल, बर्बिज व जयंत नारळीकर यांनी दीर्घकाळ शंका उपस्थित केल्या. तो वाद आज बहुतांशी मागे पडला असला, तरी अध्यापनातून तो वगळला जाऊ नये, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

अतिदूरच्या क्वेसारचा शोध हा प्रामुख्याने अनुपस्थितीचा शोध होय. हायड्रोजनची लायमन-अल्फा रेषा मुळात १२१.६ नॅनोमीटरवर, म्हणजे अतिनील भागात असते. ताम्रसृती ७ असल्यास ती सुमारे ९७३ नॅनोमीटरवर, अवरक्तात जाते. तिच्या अलीकडचा प्रकाश वाटेतील उदासीन हायड्रोजन शोषून घेतो. परिणामी तो बिंदू अवरक्त प्रतिमेत दिसतो आणि दृश्य प्रकाशात नाहीसा होतो. अडचण अशी, की आपल्याच आकाशगंगेतील तपकिरी बटू तारेही जवळजवळ असेच वागतात व संख्येने ते कितीतरी अधिक असतात.

हे शोषण संपूर्ण असेल, असे भाकीत गन व पीटरसन यांनी १९६५ मध्ये केले होते. २००१ साली स्लोन सर्वेक्षणातील ६.२८ ताम्रसृतीच्या क्वेसारमध्ये ते प्रत्यक्ष आढळले. विश्व सुमारे १०० कोटी वर्षांचे होईतो आंतरदीर्घिकीय हायड्रोजनचे पुनर्आयनीकरण पूर्णत्वास येत होते, असा त्याचा अर्थ.

खरा पेच मात्र वस्तुमानाचा आहे. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या ‘जे०३१३-१८०६’ या क्वेसारची ताम्रसृती ७.६४ असून विश्व ६७ कोटी वर्षांचे असतानाच त्यातील कृष्णविवर १६० कोटी सूर्यांइतके झाले होते. एडिंग्टन मर्यादेत राहून कृष्णविवर साधारणतः साडेतीन कोटी वर्षांत दुप्पट होते. शंभर सूर्यांच्या बीजापासून आरंभ केल्यास २४ वेळा दुप्पट व्हावे लागते. म्हणजे ८४ कोटी वर्षे. हिशेब जुळत नाही. एक तर एडिंग्टन मर्यादा ओलांडली गेली असावी, किंवा प्रचंड वायुमेघ थेट कोसळून दहा हजार सूर्यांहून जड बीजे निर्माण झाली असावीत. २०२३ मध्ये चंद्रा व वेब दुर्बिणींच्या निरीक्षणांतून ‘यूएचझेड१’ या दीर्घिकेतील कृष्णविवराचे वस्तुमान तिच्यातील ताऱ्यांच्या एकत्रित वस्तुमानाशी तुल्य असल्याचे दिसले. हे निरीक्षण दुसऱ्या पर्यायास अनुकूल आहे. तथापि एकट्या उदाहरणावरून पहिला पर्याय बाद ठरविणे घाईचे होईल.