नवी आवृत्ती की खात्रीची आवृत्ती?

लिनक्स नव्याने वापरू लागलेल्यांना एक प्रश्न हमखास पडतो. ‘पायथन’ या संगणकभाषेची ताजी आवृत्ती तिच्या संकेतस्थळावर केव्हाच आलेली असते. आपल्या संगणकावर मात्र वर्षा-दोन वर्षांपूर्वीचीच नांदत असते. मग लिनक्सवाले काळाच्या मागे आहेत काय? तसे मुळीच नाही. या दिरंगाईमागे विचार आहे आणि पुष्कळ कष्टही आहेत.

लिनक्स हा प्रणालीचा केवळ गाभा. त्याभोवती हजारो सॉफ्टवेअर गुंफून, ती परस्परांशी जुळतात याची खात्री करून जो संच आपल्या हाती दिला जातो, त्याला ‘डिस्ट्रिब्युशन’ म्हणतात. इयन मरडॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला ‘डेबियन’ हा त्यांतला एक जुना आणि मोठा संच. ‘सी-डॅक’ने भारतात विकसित केलेली ‘बॉस’ ही प्रणालीही त्यावरच आधारलेली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीत सुमारे ७० हजार पॅकेजेस आहेत. त्यांची निगा राखणारे बहुतांश स्वयंसेवक आहेत.

मूळ लेखकाने नवी आवृत्ती प्रसिद्ध केली, की पॅकेज सांभाळणारा ती उतरवून घेतो, परवाना तपासतो, डेबियनने केलेले बदल तिच्यावर पुन्हा बसवतो आणि चाचण्या घेतो. मग ते पॅकेज ‘अनस्टेबल’ या पहिल्या दालनात जाते. काही दिवसांत गंभीर दोष न आढळल्यास ते ‘टेस्टिंग’मध्ये सरकते. साधारण दोन वर्षांनी हे दालन गोठवून, उरलेले दोष निपटून ‘स्टेबल’ आवृत्ती जाहीर होते.

एक विहीर, अनेक बिऱ्हाडे

संगणकभाषांच्या पॅकेजेसची गोष्ट अधिक नाजूक असते. वाड्यातल्या सामाईक विहिरीवर अनेक बिऱ्हाडांनी पाणी भरावे, तसे एकाच लायब्ररीवर अनेक सॉफ्टवेअर अवलंबून असतात. म्हणून डेबियन शक्यतो प्रत्येक लायब्ररीची एकच आवृत्ती ठेवतो. सुरक्षेतील भगदाड एकदा बुजवले, की सर्वांचेच रक्षण होते. पण आवृत्ती बदलली, तर सर्वांनाच तिच्याशी जुळवून घ्यावे लागते. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या पायथन ३.१२ मधून ‘डिस्टयुटिल्स’ हा जुना घटक काढून टाकण्यात आला. तोवर पॅकेज बांधण्यासाठी त्याच्यावर विसंबलेल्या प्रकल्पांना आपली घडी नव्याने बसवावी लागली.

याहून मोठे स्थित्यंतर पायथन २ कडून ३ कडे जाण्याचे होते. तिसरी पिढी २००८ मध्ये आली, तर दुसरीला मिळणारा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. तरीही डेबियनमधून ती पूर्णपणे हटायला जून २०२३ उजाडले. कोविद गोयल यांनी घडवलेले ‘कॅलिबर’ हे ई-पुस्तकांचे लोकप्रिय सॉफ्टवेअर सप्टेंबर २०२० मध्ये, पाचव्या आवृत्तीपासून, पायथन ३ वर आले. तेव्हा त्याला जोडून वापरली जाणारी अनेक छोटी सॉफ्टवेअर लगोलग चालेनाशी झाली. ज्या पॅकेजेसना कोणी वाली उरला नव्हता, ती तर संचातूनच वगळावी लागली.

जुनी म्हणजे असुरक्षित नव्हे

‘स्टेबल’मधील आवृत्तीचा क्रमांक जुना दिसला, तरी ती जशीच्या तशी पडून नसते. नव्या आवृत्तीतील सुरक्षेची दुरुस्ती तेवढी वेचून जुनीवर बसवली जाते. त्यामुळे दोष जातो, पण सॉफ्टवेअरचे वागणे बदलत नाही. नुसता क्रमांक पाहून संगणक असुरक्षित ठरवणे म्हणूनच चुकीचे आहे.

थांबण्याचा लाभ मार्च २०२४ मध्ये दिसून आला. ‘एक्सझेड’ या फाइल लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कोणीतरी चोरवाट पेरली होती. आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरस्थ संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले आणि शोध घेता घेता ते या चोरवाटेपर्यंत पोहोचले. डेबियनच्या ‘अनस्टेबल’ व ‘टेस्टिंग’ दालनांत त्या आवृत्त्या शिरल्या होत्या. ‘स्टेबल’ मात्र बचावले. अर्थात, उशीर ही ढाल असली तरी ती अभेद्य नव्हे. दोष उघड झाल्यावर दुरुस्ती रेंगाळली, तर तोच उशीर घातक ठरतो.

वापरकर्त्याने काय करावे? सुरक्षेची अद्ययावने वेळच्या वेळी घ्यावीत. नवी लायब्ररी हवीच असेल, तर ती प्रणालीच्या पायथनमध्ये घुसवू नये. कारण प्रणालीची अनेक साधने त्यावरच चालतात. डेबियनच्या बाराव्या आवृत्तीपासून ‘पिप’ अशा प्रयत्नाला थेट नकार देते. हा नकार गैरसोयीचा वाटतो, पण तो हिताचा आहे. प्रत्येक प्रकल्पासाठी ‘व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट’ ही स्वतंत्र खोली उभारली, की तिथे हवे ते प्रयोग करता येतात आणि बाकीचे घर शाबूत राहते.

एक्सझेडचा सांभाळ बराच काळ एकच थकलेला स्वयंसेवक करत होता आणि मदतनीस म्हणून आलेल्यानेच त्याचा विश्वासघात केला, हेही विसरता कामा नये. फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरची किंमत कोणीतरी आपल्या वेळेने मोजत असतो. दोष आढळला, तर तो नीट कळवणे एवढा हातभार तरी आपण नक्कीच लावू शकतो.